व्हिक्टोरियाच्या काळातल्या लढायांची रंगीत चित्रं : रंग नेमका कुणाचा?

कागदकसर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे नाण्यांचे, तिकिटांचे, जुन्या नकाशांचे धागे भरपूर आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी युद्धचित्रांवर मात्र काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. हद्द आधीच आखून घेतो: व्हिक्टोरिया राणी गादीवर असताना (१८३७ ते १९०१) इंग्रजांनी हिंदुस्थान, अफगाणिस्तान, चीन, आफ्रिका, न्यूझीलंड इथे केलेल्या लढाया, आणि त्यांची लंडनला छापलेली चित्रं. असई किंवा कोरेगाव यात येत नाहीत, त्या लढाया आधीच्या.

विकणारा सांगतो, "अस्सल, दीडशे वर्षं जुनं, हाताने रंगवलेलं एनग्रेव्हिंग." एनग्रेव्हिंग म्हणजे कोरलेल्या ठशावरून छापलेलं चित्र. खोटं काहीच नसतं त्यात. कागद दीडशे वर्षांचा असतो, शाईही तेवढीच जुनी असते, रंगही हातानेच भरलेला असतो. फक्त तो हात बहुतेक वेळा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला असतो, हे कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

कारण साधं आहे. आज बाजारात जी चित्रं सर्वांत जास्त फिरतात ती पुस्तकांतली नसून वर्तमानपत्रांतली आहेत. इलस्ट्रेटेड लंडन न्यूज हे साप्ताहिक १४ मे १८४२ ला सुरू झालं, ग्राफिक ४ डिसेंबर १८६९ ला. दोन्ही दर शनिवारी निघायची आणि काळ्या शाईत छापली जायची. रंगीत पुरवण्या निघाल्या, पण त्या नाताळासारख्या निमित्ताने, आणि तो रंगही ठशांनी छापलेला होता. तेव्हा आतल्या पानावरच्या लढाईत लाल कोट आणि निळं आकाश दिसलं, तर ते नंतर कुणीतरी भरलेलं आहे असंच धरून चालायचं. साप्ताहिकाचे सहामाही बांधीव खंड फोडून सुटी पानं विकायची आणि गिऱ्हाइकाला भिंतीवर शोभावं म्हणून ती रंगवायची, हा जुन्या चित्रांच्या दुकानदारांचा नेहमीचा उद्योग आहे.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. रंगवणारे काही जण फार चांगले असतात. पण किंमत 'मूळ रंग' म्हणून लावली, तर तिथे थांबून दोन प्रश्न विचारावेत.

छपाईच्या त्याच दिवसांत, प्रकाशकाच्याच देखरेखीखाली रंगवलेली चित्रं वेगळी. त्यातलं माझं सर्वांत आवडतं घराणं म्हणजे लंडनच्या १९१, रीजंट स्ट्रीटवरचे आकरमान. पहिल्या शीख युद्धानंतर (१८४५-४६) त्यांनी हेन्री मार्टेन्सच्या चित्रांवरून जॉन हॅरिसकडून अ‍ॅक्वाटिंट करवून घेतले: मुदकी, फिरोजशहा, अलिवाल, सोबरांव. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने दाणेदार छटा उतरवायच्या आणि छापलेल्या प्रतीवर जलरंग चढवायचे, अशी ती पद्धत. समोर रंगवलेली नमुन्याची प्रत ठेवून कारागीर ओळीने रंग भरत. तिथे रंग हा चित्राचाच भाग आहे, काढून टाकला तर चित्र अर्धं राहील. अशा प्रतींना परदेशी लिलावात काहीशे पौंड सहज पडतात. साप्ताहिकाचं सुटं पान वीस ते साठ पौंडांच्या आसपास मिळून जातं.

तिसरा प्रकार शिळाछाप, म्हणजे लिथो: कोरायचं नाही, दगडावर चित्र काढून छापायचं. जेम्स रॅट्रेची अफगाणिस्तानची चित्रं (१८४८) किंवा जॉर्ज अ‍ॅटकिन्सनची १८५७-५८ च्या मोहिमेची चित्रं (१८५९) या वर्गातली. दुकानदार यांनाही सरसकट एनग्रेव्हिंग म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आपण मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायचं.

कुणाकडे काय आहे? कुठून घेतलंत? फोटो टाकलेत तर उत्तमच.

खडकीकर

वा, कागदकसरराव, आमच्या गल्लीतला विषय काढलात. मी मैवंदवाला. बाकी लढायांची चित्रं दिसली तर बघतो, मैवंदची दिसली तर घेतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला. जनरल बरोजच्या हाताखाली सुमारे अडीच हजार माणूस, समोर अयूबखानाचं कितीतरी मोठं सैन्य. इंग्रजांचा सपशेल पराभव, साडेनऊशेच्या आसपास मेले. ६६वी गोरी पलटण, घोडतोफखान्याची एक बॅटरी, आणि बाकी सगळं मुंबई लष्कर: १ली बॉम्बे ग्रेनेडियर्स, ३०वी म्हणजे जेकब्ज रायफल्स, ३री बॉम्बे लाइट कॅव्हलरी, बॉम्बे सॅपर्सची (लष्करी अभियंत्यांची) तुकडी. सॅपर्सचं ठाणं १८६९ पासून आमच्या खडकीत, म्हणून हा जिव्हाळा.

आता चित्रं बघा. एकात ६६व्या पलटणीचे शेवटचे अकरा जण बागेच्या भिंतीपाशी उभे. दुसऱ्यात तोफा ओढत घोडे पळताहेत, तो विषय रिचर्ड केटन वुडव्हिलने १८८३ मध्ये तैलरंगात केला आणि त्यावरून पुढे कितीतरी छापील चित्रं निघाली. तिसरा मानकरी ६६व्या पलटणीचा कुत्रा बॉबी. तो जखमी होऊन परतला, राणीने स्वतः त्याला पदक घातलं. कुत्र्याला चित्र आहे, ग्रेनेडियर्सना नाही. असले तर कोपऱ्यात, पाठमोरे, एका रेषेत तीन फेटे.

तरी मी ती चित्रं घेतो. ते कोपरे भिंगाने बघायला.

नवाभिडू

खडकीकर काका, तुमच्यासाठीच आलो बहुतेक! मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एक चित्र पाहिलंय. दोन पानं जोडून होईल एवढं मोठं, मधोमध घडी. अफगाण युद्ध, तोफगाडे मागे पळताहेत, कडेला शिपाई गोळीबार करताहेत, खाली इंग्रजीत मैवंदचं नाव. शिपायांचे कोट लालभडक. विक्रेता म्हणतो, १८८० सालचाच रंग आहे. फ्रेममध्ये आहे, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) क्रीम रंगाचा. मी या क्षेत्रात अगदीच नवा आहे. घेऊ का? काय बघू?

कागदकसर (धागाकर्ता)

@नवाभिडू, एक गोष्ट दुकानात न जाताही सांगता येते. मैवंदला ६६वी पलटण खाकीत होती. दुसऱ्या अफगाण युद्धात हिंदुस्थानातून गेलेल्या गोऱ्या पलटणी खाकी घालून लढल्या. १८८० मध्ये लंडनला बसलेल्या माणसाने मुद्दाम रंग भरला असता, तर निदान चौकशी करून भरला असता. लाल कोट हा नंतरच्या रंगाऱ्याचा हिशेब: इंग्रज शिपाई म्हणजे लाल.

हा कस बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या १८७९ च्या झुलू युद्धात लाल कोट बरोबर आहेत, आणि इसांडलवाना व रोर्क्स ड्रिफ्टला लढलेल्या २४व्या पलटणीच्या गळपट्टी-मनगटाला हिरवा रंग हवा. तिथे पिवळा किंवा निळा दिसला की समजायचं, रंगाऱ्याने अंदाजाने ब्रश मारलाय. लाल कोटात लढलेली शेवटची लढाई म्हणून सुदानातल्या गिनिसचं नाव घेतात, ३० डिसेंबर १८८५. त्यामुळे सुदानातल्याच १८९८ च्या ओम्दुर्मानच्या चित्रात लाल पायदळ असेल तर विकणाऱ्याकडे बघून नुसतं हसा.

उलटं उदाहरण शीख युद्धाचं. रणजितसिंहांनी युरोपीय धर्तीवर उभं केलेलं खालशाचं कवायती पायदळसुद्धा लाल कोट घालत असे. म्हणजे अलिवालच्या किंवा सोबरांवच्या चित्रात दोन्हीकडे लाल हवा. ज्याला हे ठाऊक नसतं तो शिखांना पिवळ्या-हिरव्या झग्यांत रंगवून मोकळा होतो. आकरमानच्या जुन्या प्रती एकदा डोळ्यांखालून घाला, म्हणजे फरक कळेल.

चिकटपट्टी_नको

कागदसंवर्धनाचं काम करते, म्हणून थोडं कोरडं लिहिते. गणवेशावरून अंदाज बांधता येतो, पण खात्री कागदावरून करावी.

फ्रेम उघडायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल, तरी सांगा. माउंट उचलला की वरच्या समासात साप्ताहिकाचं नाव, तारीख आणि पृष्ठांक दिसायला हवा. माउंट बहुतेक वेळा नेमका तोच भाग झाकतो. तारीख शनिवारची आहे का ते कॅलेंडरवर ताडून बघा. मग पान उलटा. मागे खिळ्यांच्या (सुट्या धातूच्या अक्षरांच्या) छपाईचा मजकूर असेल तर ते खरोखर वर्तमानपत्राचं पान आहे. मोठ्या दुपानी चित्राची मागची बाजू कोरीही असू शकते, त्यामुळे कोरी दिसली म्हणून लगेच नापास करू नका.

दहापट भिंग घ्या. सलग, धारदार, कमीजास्त जाडीच्या काळ्या रेषा दिसल्या तर लाकडी ठशाचं काम. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती फोटोवरून केलेली आधुनिक छपाई, मग कागद कितीही पिवळा असो. चहाच्या पाण्यात बुडवून कागद म्हातारा करणारे आपल्याकडे भरपूर आहेत. तो पिवळेपणा सगळीकडे सारखा असतो. खऱ्या जुन्या कागदाचा कडेला, उजेड लागलेल्या भागात जास्त आणि माउंटखाली कमी असतो.

आता रंग. मधल्या घडीवर भिंग धरा. घडीवर कागदाचा पृष्ठभाग झिजून तंतू मोकळे होतात. रंग त्या झिजलेल्या तंतूंत मुरला असेल, तर आधी कागद झिजला आणि मग रंग लागला. तपकिरी ठिपक्यांचंही तसंच: ठिपक्यावरून रंग गेलाय की रंगातून ठिपका वर आलाय? जुन्या रंगकामात पांढऱ्यात शिसं असायचं, ते हवेतल्या गंधकाने काळपट पडतं. गडद भागांवर डिंकाचं पाणी फिरवलेलं असेल तर तिरक्या उजेडात चकाकतं. तो काळपटपणा किंवा ती चकाकी, काहीच दिसलं नाही आणि सगळे रंग ताजेतवाने, सपाट दिसले, तर उत्तर मिळालं: रंग नंतरचा.

लीड्सवाली

चिकटपट्टी ताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून पर्समध्ये ठेवते आता!

मी इंग्लंडात राहते. इथल्या गावोगावच्या अँटिक मेळ्यांत ही पानं खोक्यांत उभी रचून ठेवलेली असतात, ग्रामोफोन रेकॉर्ड चाळाव्या तशी चाळायची. लंडनला आलात तर सेसिल कोर्ट नावाची गल्ली चुकवू नका, जुनी पुस्तकं आणि छापील चित्रं विकणाऱ्यांची दुकानं आहेत. काही विकणारे लेबलवर स्वच्छ लिहितात, 'रंग नंतरचा'. तसं लिहिणाऱ्याकडून घ्यायला बरं वाटतं.

माझं एक निरीक्षण: न रंगवलेलं पान रंगवलेल्यापेक्षा स्वस्त मिळतं, आणि मला तेच जास्त आवडतं. काळ्या रेषांतलं काम रंगाखाली मरतं. धूर, घोड्यांच्या आयाळी, लांबवरची माणसं, सगळं रेषांच्या जवळिकीने दाखवलेलं असतं. त्यावर निळा-लाल ओतला की ते दिसेनासं होतं.

आणि हो, चित्रात अगदी बारीक, सरळ पांढऱ्या रेषा उभ्या-आडव्या गेलेल्या दिसतात, त्या कशाच्या? मी आधी कागदाला चीर गेलीय असं समजत होते.

कागदकसर (धागाकर्ता)

@लीड्सवाली, चांगला प्रश्न. त्या सांध्याच्या रेषा आहेत. हे ठसे बॉक्सवूड नावाच्या लाकडाच्या आडव्या कापावर कोरत. कठीण आणि घट्ट लाकूड, पण झाड लहान, त्यामुळे मोठा तुकडा मिळतच नाही. म्हणून लहान तुकडे मागून बोल्टने जोडून एक मोठा ठसा करत. त्यावर चित्रकार पूर्ण चित्र काढी, मग बोल्ट सैल करून तुकडे वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटून देत. एक जण आकाश, दुसरा घोडे, तिसरा तोफ. रात्रभर कोरून सकाळी पुन्हा बोल्ट आवळायचे. सांधा जिथे तंतोतंत बसला नाही तिथे पांढरी रेषा. मी तर पान घेताना आधी तीच शोधतो. एकाच घोड्याचं अर्धं अंग एकाच्या हातचं आणि अर्धं दुसऱ्याच्या, असंही सापडतं.

यावरून मूळ मुद्द्यावर येतो. लढाईच्या जागेवरून लंडनला काय जायचं? नशीब असेल तर वर्तमानपत्राच्या खास चित्रकाराचं पेन्सिलीचं रेखाटन, कडेला सूचना लिहिलेलं: 'इथे धूर', 'इथे उंट'. खास चित्रकार नसेल तर एखाद्या अधिकाऱ्याने घरी पाठवलेलं कच्चं चित्र. तेही नसेल तर तारेतला मजकूर आणि कल्पनाशक्ती. १८४० च्या दशकात तर हिंदुस्थानातली बातमी लंडनला पोचायलाच महिना-दीड महिना लागे. मग कचेरीतला चित्रकार ते लाकडावर उलटं उतरवून घेणार आणि सात-आठ हात ते कोरणार. इसांडलवानाला २२ जानेवारी १८७९ रोजी इंग्रजांची छावणी कापली गेली, तिथे रेखाटायला कुणी चित्रकार नव्हताच. त्या लढाईची जी चित्रं आपण बघतो ती सगळी मागाहून रचलेली. चार्ल्स फ्रिपचं प्रसिद्ध तैलचित्र १८८५ चं आहे. तो ग्राफिकतर्फे त्या युद्धावर गेला होता, पण ती लढाई त्याने पाहिलेली नव्हती.

म्हणून मी या पानांकडे लढाईची साक्ष म्हणून बघतच नाही. शनिवारी सकाळी लंडनच्या माणसाला काय दाखवलं गेलं, याची ती साक्ष आहे. त्या अर्थाने ती शंभर टक्के अस्सल आहेत. आणि म्हणूनच नंतरचा रंग मला खटकतो, कारण त्या माणसाने ते पान काळ्या शाईतच पाहिलं होतं.

साशंक

सगळं वाचलं. माहिती उत्तम, वाद नाही. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. ग्वाल्हेरजवळची महाराजपूर आणि पनियार, २९ डिसेंबर १८४३, एकाच दिवशी दोन लढाया आणि शिंद्यांच्या फौजेचा निकाल लागला. जिंकलेल्या तोफांचं ब्राँझ वितळवून इंग्रजांनी आपल्या शिपायांना ताऱ्याच्या आकाराची पदकं वाटली. पुढे १८५८ मध्ये झाशी, काल्पी, ग्वाल्हेर. ही चित्रं म्हणजे त्यांच्या जल्लोषाची पोस्टरं. आपण पैसे मोजून ती आणायची, वर माउंट करून दिवाणखान्यात लावायची? पाहुण्यांना काय सांगता?

कागदकसर (धागाकर्ता)

साशंकराव, दिवाणखान्यात मी एकही लावलेलं नाही. सगळी पेटीत, आडवी. भिंतीवर लावणं आणि संग्रह करणं यांत माझ्या मते फरक आहे, तुम्हाला तो पटेलच असं नाही.

खडकीकर

साशंक, मी लावलंय. मैवंदचं. पाहुण्यांना सांगतो, हे बघा, यात आपले लोक मेले आणि चित्रात नाहीत.

मुंबई लष्करात त्या काळी कोकण-देशावरची भरती मोठी होती. मराठे होते, महार होते. महारांची भरती इंग्रजांनी १८९२ नंतर बंद केली, तोवर ते सगळ्या मोहिमांत होते. त्याच अफगाण युद्धात १६ एप्रिल १८८० ला डुब्राईच्या चौकीवर १९व्या बॉम्बे पलटणीचा मेजर वॉडबी आणि त्याच्याबरोबर दोन शिपाई, सोननाक टाननाक आणि इलाहीबक्ष, शेवटपर्यंत लढून मेले. मेजरच्या नावाने मुंबईत बोरीबंदराजवळ वॉडबी रोड झाला, आताचा हजारीमल सोमाणी मार्ग. रोज हजारो लोक त्या रस्त्यावरून जातात. सोननाकाचं चित्र मी अजून शोधतोय.

हा जल्लोष फक्त त्यांचा होता, असं सरळ म्हणता येत नाही मला. तुमची चीड समजते. पण माझी अडचणही समजून घ्या.

साशंक

काका, डुब्राईचं माहीत नव्हतं. वाचतो. मुद्दा मात्र सोडलेला नाही.

बाबूराव_निवृत्त

माझ्याकडे १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेची चार पानं आहेत, वडिलांनी घेतलेली. हीसुद्धा मुंबईचीच मोहीम. सर रॉबर्ट नेपियर मुंबई लष्कराचा सरसेनापती, फौज आणि रसद मुंबई बंदरातून गेली, तांबड्या समुद्रावरच्या झुला इथे उतरली. चव्वेचाळीस हत्तीसुद्धा जहाजांतून नेले, तोफा आणि उखळ्या वाहायला. एप्रिलमध्ये मगदालाचा किल्ला पडला, तिथल्या सम्राट टेवोड्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने विल्यम सिम्पसनला पाठवलं होतं, क्रिमियाच्या चित्रांमुळे नाव कमावलेला माणूस. त्याची हातोटी इतरांपेक्षा वेगळी दिसते. डोंगर खरे वाटतात.

चारही पानं काळी-पांढरी. मुलगा म्हणतो रंगवून घेऊ, छान दिसतील. एक पोरगी ओळखीची आहे, जलरंग उत्तम करते.

लीड्सवाली

नको नको नको.

चिकटपट्टी_नको

बाबूराव काका, हात जोडते. स्कॅन करा, त्याची प्रिंट काढा, ती त्या मुलीला हवी तशी रंगवू द्या आणि मुलाच्या खोलीत लावा. मूळ पानांना पाणी लावू नका. यंत्रावर बनवलेल्या कागदाला ब्रशने ओलावा दिला की तो लहरतो, आणि रंग पुन्हा काढता येत नाही.

पानं ठेवलीत कशात? मुंबई-कोकणच्या दमटपणात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असतील तर आजच बाहेर काढा. आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये आडवी ठेवा. भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात भिंत पाझरते. डांबराच्या गोळ्या कागदाशेजारी नकोत. कसर दिसली तर आधी कपाट साफ करा, औषध मारायची घाई नको. आणि सेलोटेप! फाटलेल्या जागी लोक मागून सेलोटेप लावतात, दहा वर्षांत त्याचा तपकिरी पट्टा पुढून दिसायला लागतो. जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ एवढंच चालतं, आणि तेही शिकलेल्या माणसाने. पान महत्त्वाचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

फ्रेम करायचीच असेल तर कापसाच्या लगद्याचा माउंट, अतिनील किरण अडवणारी काच, आणि चित्र काचेला चिकटता कामा नये. लाकडी लगद्याचा स्वस्त माउंट कागदावर चौकटीसारखा तपकिरी डाग पाडतो. नवाभिडूच्या चित्राचा तो क्रीम माउंट तसलाच असणार.

बाबूराव_निवृत्त

प्लास्टिकच्या फोल्डरमध्येच आहेत. काढतो. धन्यवाद, ताई.

आणखी एक: भाचा लंडनला आहे, त्याला यातलं एक भेट पाठवावं म्हणतो. कुरियर चालेल ना?

कागदकसर (धागाकर्ता)

बाबूराव, थांबा. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकृती आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात 'पुरावस्तू' ठरू शकते, आणि तशी ठरली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. चित्र मुळात लंडनहून आलं होतं, हे कारण तिथे चालत नाही. आधी पुरातत्त्व खात्याच्या मंडळ कचेरीत विचारून घ्या. बाहेरून आणताना हा प्रश्न येत नाही, तिथे फक्त सीमाशुल्क आणि जीएसटी. पार्सलवर वस्तूचं वर्णन आणि छपाईचं साल स्पष्ट लिहायला सांगायचं.

रानभैरी

उशिरा आलो. खंड फोडून पानं विकणं बरोबर का, याबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून बोलतो. चार्ल्स बॉलचा १८५७ च्या उठावाचा इतिहास घ्या, पोलादी पत्र्यावर कोरलेली चित्रं असलेला. चित्रं असलेला पूर्ण संच आता शोधावा लागतो, सुटी चित्रं मात्र कुठेही मिळतात. म्हणजे कुठेतरी कुणीतरी ब्लेड घेऊन बसलंय. आपण सुटं पान घेतो तेव्हा त्या ब्लेडला पैसे देतो. माझा नियम: आधीच सुटलेलं, जुन्या फ्रेममधलं घ्यायचं. नवीन कापलेली कड ताजी, पांढरी आणि सरळ असते, ती ओळखू येते.

आणि नुसतं बघायचंच असेल तर विकत कशाला घ्यायचं? अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात अ‍ॅन ब्राउन लष्करी संग्रह आहे. त्यांनी त्यातली हजारो चित्रं फुकट ऑनलाइन ठेवलीत. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमचीही आहेत. आकरमानच्या एकाच चित्राच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून रंग ताडता येतात. वॉटरमार्क (कागदातली पाणखूण) मात्र तिथे दिसत नाही, तो हातातच बघावा लागतो. कागद उजेडासमोर धरला आणि व्हॉटमन या कागद बनवणाऱ्याच्या नावाखालचं साल चित्राच्या प्रकाशनानंतरचं निघालं, तर तो पत्रा नंतर पुन्हा छापलेला.

कागदकसर (धागाकर्ता)

रानभैरी, ब्लेडचा मुद्दा पूर्ण मान्य. वॉटरमार्कचं मी वरच लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

अलिवालवरून एक अवांतर. २८ जानेवारी १८४६ च्या त्या लढाईत १६व्या लॅन्सर्सनी (भालाईत घोडेस्वारांनी) शिखांचं पायदळ फोडलं. भाल्यांच्या निशाणांवर रक्त सुकून त्यांना चुण्या पडल्या, म्हणून ती पलटण पुढे निशाणं मुद्दाम चुणीदार करून लावत असे. आकरमानच्या अ‍ॅक्वाटिंटमध्ये निशाणं सपाट, फडफडणारी आहेत. चुण्या लढाईनंतरच्या, त्यामुळे चित्र बरोबर. पण अलीकडच्या एका रंगवलेल्या नकलेत रंगाऱ्याने निशाणांवर चुण्यांच्या सावल्या काढलेल्या पाहिल्या. त्याने अभ्यास केला होता, फक्त जरा जास्तच.

नवाभिडू

मंडळी, जाऊन आलो. फ्रेम उघडायला लावली, चहा पाजावा लागला. वरच्या समासात साप्ताहिकाचं नाव आहे, १८८० ची तारीख आहे, आणि कॅलेंडरवर तो शनिवारच निघाला. ठिपक्यांची जाळी नाही, रेषा सलग. सांध्याच्या पांढऱ्या रेषाही सापडल्या, एक तर तोफेच्या चाकातून गेलीय. मधल्या घडीवर लाल रंग तंतूंत मुरलेला स्पष्ट दिसतो. मागे मजकूर आहे, बारीक टायपात, अर्धा कसल्या तरी जाहिरातींचा. माउंटखाली कागदावर चौकटीचा तपकिरी डाग, चिकटपट्टी ताई म्हणाल्या तसाच.

हे सगळं बघितल्यावर विक्रेता "रंग थोडा नंतरचा असेल" म्हणाला आणि भाव निम्म्याच्या खाली आला. घेऊ?

खडकीकर

डाव्या-उजव्या कोपऱ्यात फेटेवाले आहेत का?

नवाभिडू

उजवीकडे खाली चार जण आहेत, काका. एकाचा चेहरासुद्धा दिसतो. त्यांचे कोट रंगाऱ्याने रंगवलेच नाहीत, तसेच काळे-पांढरे सोडलेत.

खडकीकर

घे. आणि तो कोपरा स्कॅन करून मला पाठव, जेवढा मोठा होईल तेवढा.

कागदकसर (धागाकर्ता)

घ्या, पण माउंट दुकानातच टाकून या. आणि मागचा मजकूर टंकून इथे टाका, जाहिरातींसकट. कोणत्या आठवड्याच्या बातम्या आहेत ते बघू.